मोम्बासाला जाण्यापूर्वी नेमक्या कोणत्या लसी घ्याव्यात?

गुहागरकरीण

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेली तीन वर्षे केनियातील मोम्बासा बंदरात नोकरीला आहे. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की मे महिन्याच्या सुरुवातीला मी (३८), यजमान (४३), मुलगी (७) आणि आई (६७) असे चौघेजण तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. मुंबईहून नैरोबी, तिथून मोम्बासा आणि मध्ये चार दिवस प्राणी पाहण्यासाठी त्साव्होचे राष्ट्रीय उद्यान असा बेत आहे. निघायला सहा आठवडे उरले आहेत.

अडचण लसींची आहे. ज्यांच्याकडून तिकिटे काढली त्या एजंटाने सात लसींची यादी हातात ठेवली: यलो फिव्हर, टायफॉइड, कावीळ अ, कावीळ ब, मेनिंजायटिस, रेबीज आणि कॉलरा. मुंबईतील एका खासगी दवाखान्यात हे सगळे एकाच फेरीत उरकेल असे तो म्हणतो, आणि चौघांचा मिळून त्याने जो आकडा सांगितला त्यात विमानाचे एक तिकीट सहज निघाले असते. भावाला फोनवर विचारले तेव्हा तो हसून म्हणाला की त्याने यलो फिव्हरच्या लसीचे ते पिवळे कार्ड आजवर फक्त मुंबईच्या विमानतळावर दाखवले आहे, केनियात त्याला कोणी विचारलेच नाही. मग ही लस केनियासाठी आहे की मुंबईसाठी, हे मला कळेनासे झाले.

मुलीचे लसीकरण आमच्या उपकेंद्रात वेळच्या वेळी झाले आहे आणि कार्ड जपून ठेवले आहे. आम्हा मोठ्यांकडे मात्र कसलीच नोंद नाही. आईची प्रकृती वयाच्या मानाने चांगली आहे. तिला रक्तदाबाची रोजची एक गोळी आणि संधिवाताची आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी एवढेच चालू आहे. खर्चाला मागेपुढे पाहायचे नाही, पण उगाच टोचून घ्यायचेही नाही. यादीतील काय घ्यावे आणि काय सोडावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना खलाशी, हर्णै

ताई, मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढली, त्यामुळे डॉक्टर नसलो तरी पिवळ्या कार्डाबद्दल अधिकाराने बोलू शकतो. आपल्या भावाचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. आपण भारतातून थेट केनियात उतरणार असाल तर केनिया ते कार्ड मागत नाही, कारण भारतात पीतज्वर (यलो फिव्हर) नाही. पण केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत असल्यामुळे तिथून परत येणाऱ्याकडे भारत ते कार्ड मागतो, आणि या बाबतीत आपला देश जगातील कडक देशांपैकी एक आहे. कारणही तसेच आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपल्याला डेंग्यू देणारा तोच पट्ट्यापट्ट्यांचा डास, आपल्याकडे घरोघरी पाण्याच्या पिंपात वाढतो. विषाणू मात्र अजून इथे आलेला नाही आणि कोणाच्या अंगी त्याची प्रतिकारशक्तीही नाही. एक आजारी प्रवासी उतरला तर काय होईल, या भीतीपोटी हा नियम आहे.

नियम असा की पीतज्वराच्या प्रदेशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो आणि ज्याच्याकडे वैध प्रमाणपत्र नाही, त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. अगदी तान्ह्या बाळांना तेवढी सूट आहे. अशा देशाच्या विमानतळावर फक्त विमान बदलले आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकले नाही, तर आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने सूट मिळू शकते. आपण तीन आठवडे राहणार असल्याने तो प्रश्न येत नाही.

प्रमाणपत्र टोचल्याच्या दहाव्या दिवसानंतर वैध होते, आदल्या दिवशी टोचून विमानात बसलेल्याचे कार्ड नुसता कागद असतो. मी एका जहाजावर असताना कंपनीने एका नवख्या पोराला घाईघाईने चौथ्या दिवशी जहाजावर चढवले होते. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरात त्याला किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि बिचारा आठवडाभर कठड्याला टेकून आमच्याकडून शहराच्या गोष्टी ऐकत राहिला. घानासारखे काही देश तर कुठूनही आलेल्या प्रत्येकाकडे कार्ड मागतात, त्यामुळे एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावू नये.

लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. खासगी दवाखाना नेमलेल्यांपैकी नसेल तर तिथे टोचलेले सीमेवर चालत नाही, म्हणून एजंटाच्या दवाखान्याचे नाव केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यादीत आहे का ते आधी तपासा. मुंबईत विमानतळाचे आणि बंदराचे आरोग्य कार्यालय आहे. सिंधुदुर्गातल्या मंडळींना गोव्यातील मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय जवळ पडते, पण गुहागरहून आपल्याला चिपळूणला येऊन रात्रीची कोकणकन्या पकडणेच सोयीचे. एका कुपीत अनेकांच्या मात्रा असतात आणि कुपी एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारी आणि आधी नोंदणी केलेल्यांनाच लस देतात. नोंदणी आजच करा. मूळ पारपत्र न्या. कार्डावरचे नाव आणि पारपत्रावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला असावा आणि शिक्का व सही झाल्याशिवाय खिडकी सोडू नका. न टोचता कार्ड करून देणारे महाभाग बंदरांच्या आसपास भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

एकदा घेतली की झाले. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागे. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र जन्मभर वैध धरले जाते, आणि जुनी कार्डेही त्यात आली. माझ्या कार्डावर छापलेली मुदत केव्हाच संपली आहे, तरी ते चालते.

निवृत्त आरोग्याधिकारी, मालवण

वरील माहिती अचूक आहे. मी वैद्यकीय बाजू मांडतो, आणि सुरुवात यादीत नसलेल्या गोष्टीपासून करतो.

ताई, आपल्या एजंटाच्या यादीत सात नावे आहेत, पण मोम्बासाला जाणाऱ्याला ज्या आजाराची सर्वांत जास्त धास्ती बाळगायला हवी तो हिवताप त्यात नाही. कारण उघड आहे, प्रवाशांना टोचायची हिवतापाची लस नाही, आणि जे टोचता येत नाही ते अशा यादीत येत नाही. केनियाच्या किनाऱ्यावर मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा हंगाम असतो आणि मोम्बासात सर्वाधिक पाऊस मे महिन्यातच पडतो. आपण इथे आंबे उतरवण्याच्या दिवसांत निघून तिथल्या ऐन पावसाळ्यात पोहोचणार आहात. तिथला हिवताप मुख्यतः फाल्सिपारम जातीचा असतो. उपचाराला दोन-चार दिवस उशीर झाला तरी तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि लहान मुले व वृद्ध यांच्याबाबतीत तर थांबून पाहण्याची चैन परवडत नाही. नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर असल्याने तिथे धोका कमी आहे, परंतु मोम्बासा आणि त्साव्हो दोन्हीकडे तो आहे.

म्हणून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणे हे आपल्या यादीतील पहिले काम समजा. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागते, जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, आणि आठ वर्षांखालील मुलांना ती सहसा देत नाहीत, म्हणजे आपल्या मुलीला ती चालणार नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असते, ती निदान दोन आठवडे आधी सुरू करतात आणि फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांना देत नाहीत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. कोणाला कोणती, हे वजन, वय आणि चालू औषधे पाहून ठरते, दुकानातून विचारून आणण्याची ही गोष्ट नव्हे. गोळ्या घेतल्या तरी मच्छरदाणी, लांब बाह्या आणि संध्याकाळनंतर अंगाला लावायचे डासरोधक सुटत नाही.

आता यादी. पीतज्वराची लस आपण, यजमान आणि मुलगी यांनी घ्यावी. नऊ महिन्यांवरील मुलांना ती देता येते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर केंद्रात आधी सांगा, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. आईंबद्दल मी मुद्दाम वेगळे लिहितो.

टायफॉइडची लस चौघांनीही घ्यावी असे माझे मत आहे, निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे. तिथे नाही गेलात तरी इथल्या पावसाळ्यात ती कामी येईल. हल्लीची संयुग्म लस जुन्या लसीपेक्षा अधिक काळ टिकते. मुलीला ती आधी दिली असेल तर कार्डावर पाहा. ती शासकीय वेळापत्रकात नाही, खासगी बालरोगतज्ज्ञ देतात.

कावीळ अ बाबत थोडा विचार करावा. आपण तिघे मोठे विहिरीचे आणि पऱ्ह्याचे पाणी पिऊन वाढलात. आपल्या पिढीतील बहुतेकांना ही कावीळ लहानपणीच, कित्येकदा लक्षातही न येता, होऊन गेलेली असते आणि मग ती पुन्हा होत नाही. रक्तातील प्रतिपिंडांची एक साधी तपासणी करून घेतली तर लसीचा खर्च वाचू शकतो. मुलीची गोष्ट उलट आहे. तिला तुम्ही उकळलेले, गाळलेले पाणी देऊन वाढवले, त्यामुळे तिला ती कावीळ झालेली नसण्याची शक्यता अधिक, म्हणून तिला लस द्यावी. कावीळ बची लस तिला पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून मिळालेली आहे. मोठ्यांना ती ०, १ आणि ६ महिने अशी तीन वेळा घ्यावी लागते. ती रक्त आणि शरीरस्रावांतून पसरते, तीन आठवडे भावाच्या घरी राहण्यासाठी तिची घाई नाही, पण एरवी घेऊन ठेवलेली चांगली.

धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस मागच्या दहा वर्षांत घेतली नसेल तर तिघांनीही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्यावी. ही एजंटाच्या यादीत नाही, कदाचित स्वस्त आहे म्हणून नसेल. मुलीचा पाच-सहा वर्षांचा डीपीटी वर्धक आणि गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा झाल्या आहेत ना, हेही कार्डावर पाहा. पोलिओच्या थेंबांचे नियम देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे पीतज्वराच्या केंद्रातच त्याची चौकशी करून घ्यावी.

कॉलरा सोडून द्या. ती लस मदतकार्याला छावण्यांत जाणाऱ्यांसाठी असते. रेबीजची लस आधी घेऊन ठेवणे चुकीचे नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ पासूनच्या शिफारशीप्रमाणे सात दिवसांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. पण मोम्बासा मोठे शहर आहे, आणि चावल्यावर साबणाने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठणे हा नियम इथे-तिथे सारखाच आहे. माझे मत विचाराल तर मोठ्यांनी घेऊ नये. मुलगी माकडांना खाऊ देणाऱ्यांपैकी असेल तर तिला द्यावी. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांत माकडे ताटापर्यंत येतात.

आता आई. संधिवाताची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी म्हणजे कोणती, ते पाकिटावरचे नाव वाचून मला कळवा. तोपर्यंत आईंची पीतज्वराच्या लसीसाठी नोंदणी करू नका.

गुहागरकरीण

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिले, आभारी आहे. आईच्या गोळीचे नाव मेथोट्रेक्सेट आहे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी सुरू केली आणि तिने सांधे बरेच सुटले. "त्या एवढ्याशा गोळीचं आणि लसीचं काय?" असे आई विचारते आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच विचारायचे आहे. दुसरे, मलेरियाची लस आपल्या पुण्यातच बनते असे बातम्यांत वाचले होते, मग ती आम्हाला का नाही?

निवृत्त आरोग्याधिकारी, मालवण

मला तीच शंका होती. संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते आणि मेथोट्रेक्सेट तिला आवर घालते. पीतज्वराची लस ही मेलेल्या जंतूंची नसून जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. धडधाकट माणसाच्या शरीरात तो थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखते आणि संपवते. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर तो आवरला न जाण्याचा धोका राहतो, म्हणून अशी औषधे घेणाऱ्यांना ही लस साधारणपणे देत नाहीत. त्यात आईंचे वय ६७. साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांमध्ये यकृत, मूत्रपिंडे किंवा मेंदू यांवर होणारे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा अधिक आढळतात. एकूण प्रमाण फार थोडे आहे, पण आईंच्या बाबतीत दोन कारणे एकत्र आली आहेत. अंतिम निर्णय केंद्रातील डॉक्टर आणि आईंचे संधिवाततज्ज्ञ यांचा. लसीसाठी मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनाने बंद करणे हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग ठरेल, हे मात्र मी ठामपणे सांगतो. टायफॉइड आणि टीडी या जिवंत लसी नाहीत, त्या आईंना चालतील, त्यांचा परिणाम थोडा कमी होईल इतकेच. हिवतापाच्या काही गोळ्यांचे मात्र मेथोट्रेक्सेटशी जमत नाही, म्हणून त्यांची गोळी तज्ज्ञांनीच निवडावी.

केंद्रातून वैद्यकीय कारणास्तव लस देता येत नाही असे सही-शिक्क्याचे पत्र मिळते. ते पत्र म्हणजे लस घेतल्याचा दाखला नव्हे. परतल्यावर मुंबईच्या विमानतळावरील आरोग्य अधिकारी ते पाहून निर्णय घेतात आणि विलगीकरणाची शक्यता शिल्लक राहतेच.

आईंना खरा धोका किती, हेही सांगायला हवे. नैरोबी व मोम्बासा ही शहरे आणि किनाऱ्याचा बराचसा भाग इथे पीतज्वराचा धोका कमी मानतात. त्साव्होकडच्या अंतर्भागाबद्दल तसे म्हणता येत नाही. आई गेल्याच तर त्या चार दिवसांत त्यांनी मुलाच्या घरी राहावे.

पुण्यात बनणारी हिवतापाची लस खरी आहे. तिला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्यता दिली, त्याआधीच्या दुसऱ्या लसीला २०२१ मध्ये. दोन्ही लसी हिवतापाच्या प्रदेशातच राहणाऱ्या लहान बाळांसाठी आहेत, तीन आठवड्यांच्या पाहुण्यांसाठी नाहीत.

बाणकोटवाला

मेनिंजायटिसच्या लसीबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण आमच्या खाडीपट्ट्यात ती घरोघरी माहीत आहे. माझे आईवडील हजला गेले तेव्हा ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांवरची लस सक्तीची होती आणि ती सौदीत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागली. उमऱ्यालाही ती लागते. १९८७ च्या हजनंतर या मेंदूज्वराची मोठी साथ आली होती आणि २००० च्या हजमध्ये डब्ल्यू प्रकाराने पुन्हा अनेक देशांत माणसे आजारी पडली, त्यानंतर चारही प्रकारांची लस अनिवार्य झाली. इतक्या लोकांनी एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर राहायचे तर ते योग्यच आहे. आफ्रिकेत या रोगाचा पट्टा सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहाराच्या खालून जातो. मोम्बासा त्या पट्ट्याच्या बरेच खाली आहे. आपण तिथे गर्दीच्या वसतिगृहात किंवा छावणीत राहणार नाही, तेव्हा आपल्या कुटुंबासाठी मला तिची गरज दिसत नाही. एजंटाने कदाचित एकच यादी सगळ्यांसाठी छापून ठेवली असावी.

जुना खलाशी, हर्णै

डॉक्टरसाहेबांचे वाचून एक युक्ती सुचते. नियम सहा दिवसांचा आहे. आईंनी येताना सरळ मुंबईला न येता आखाती देशात कोणा नातेवाइकाकडे आठवडाभर मुक्काम केला तर सहा दिवस तिथेच भरून जातील. आपल्या कोकणातल्या कोणाचा भाऊ, दीर, भाचा मस्कतला नाही?

(दुरुस्ती: मी घाईने लिहिले. ओमान स्वतःच पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांकडे हे कार्ड मागतो, म्हणजे मुंबईचा प्रश्न मस्कतला सरकला एवढेच. वाटेत थांबायचे असेल तर त्या देशाचा नियम आधी वाचावा. चूक लक्षात राहावी म्हणून वरचे खोडत नाही.)

दोडामार्गचा काजूवाला

विषयाला धरूनच एक शंका. माझ्या मेहुण्याला घानाला कामावर जायचे आहे. आमच्या भागात २०१६ मध्ये माकडताप आला तेव्हापासून बागांत काम करणाऱ्या आम्हा लोकांना त्याची लस देण्यात आली होती. कोणीतरी त्याला सांगितले की माकडताप आणि पीतज्वराचे विषाणू एकाच कुळातले आहेत, त्यामुळे वेगळी लस नको. हे खरे आहे का?

निवृत्त आरोग्याधिकारी, मालवण

कूळ एक आहे हे खरे, आणि त्याच कुळात डेंग्यू व जपानी मेंदूज्वरही येतात. पण एकाची लस दुसऱ्यापासून भरवशाचे संरक्षण देत नाही, शिवाय माकडताप गोचिडांमुळे होतो आणि पीतज्वर डासांमुळे. आपल्या मेहुण्यांना घानात उतरतानाच कार्ड दाखवावे लागेल. सावंतवाडीहून मडगावची गाडी धरून मुरगावला चौकशी करावी. त्यांना गोवर-रुबेलासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावी, मधल्या दिवसांत नको.

गुहागरकरीण

झालेले कळवते, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल. आम्ही तिघांनी मुंबईच्या शासकीय केंद्रात पीतज्वराची लस घेतली, निघायला तेव्हा चोवीस दिवस होते. यजमानांना दोन दिवस अंगदुखी आणि कणकण वाटली, मुलीला काहीच झाले नाही. टायफॉइडची चौघांनी घेतली. कावीळ अची तपासणी आम्ही तिघा मोठ्यांनी केली आणि तिघांनाही ती पूर्वीच होऊन गेल्याचे निघाले, यजमानांना तर आठवतसुद्धा नाही. मुलीला लस दिली. टीडी आमच्या आरोग्य केंद्रात झाली, तिथल्या सिस्टर म्हणाल्या की मोठी माणसे आपणहून ती मागायला येत नाहीत. मेनिंजायटिस आणि कॉलरा सोडले. रेबीजबद्दल मुलीला विचारले, "माकडाला केळं देशील का?" ती लगेच हो म्हणाली, म्हणून तिला दोन मात्रा दिल्या.

आईला केंद्रातील डॉक्टरांनी गोळीचे नाव ऐकताच लस नाकारली आणि पत्र दिले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनीही गोळी बंद करायची नाही असेच सांगितले, हिवतापाची तिची गोळी त्यांनीच ठरवून दिली. आता पत्र घेऊन यायचे की घरीच राहायचे, हे आम्ही तिच्यावर सोडले होते. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले की मी येते, त्साव्होला येत नाही, आणि मुंबईत सहा दिवस ठेवलेच तर ठेवू देत, सहा दिवस कोणी आयता चहा आणून दिल्याला तिला बरीच वर्षे झाली आहेत. तिच्या पिशवीत सहा दिवसांचे कपडे आणि गोळ्या वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत.

निवृत्त आरोग्याधिकारी, मालवण

आईंचा निर्णय पूर्ण माहितीनिशी घेतलेला आहे, त्यामुळे मला त्यात काही बोलायचे नाही. एकच सांगतो. आपण मेच्या अखेरीस परताल आणि लगेच आपल्याकडे पाऊस सुरू होईल. पुढच्या तीन महिन्यांत चौघांपैकी कोणालाही ताप आला तर इथे तो डेंग्यूचा किंवा लेप्टोचा समजला जाण्याचा संभव आहे. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन "आम्ही आफ्रिकेतून आलो आहोत" हे वाक्य आधी म्हणा आणि बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतल्याशिवाय परत फिरू नका. पहिली तपासणी निरंक आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला सांगा.

जुना खलाशी, हर्णै

आणि पिवळी कार्डे व आईंचे पत्र मोठ्या बॅगेत ठेवू नका. मुंबईला आरोग्य विभागाची खिडकी सामानाच्या पट्ट्याच्या आधी येते.